वास्तुविशारदांची भांडी आणि आपले ताट: पारख, निवड आणि घडण

भांडे विकत घेताना आपण ते बहुतेक वेळा रिकामे पाहतो. दुकानाच्या फळीवर ते कोरडे, थंड आणि एकटे असते. घरी आल्यावर मात्र ते गरम असते, ओल्या हाताने धरलेले असते, त्यात आमटी हिंदकळत असते आणि इतर चार भांड्यांशेजारी त्याला जागा करून घ्यावी लागते. विसाव्या शतकात युरोपातील काही वास्तुविशारदांनी इमारतींबरोबरच चमचे, पेले, किटल्या आणि ताटल्याही आखल्या. त्यातले जे काम आजही तयार होते आणि वापरले जाते ते केवळ दिसण्यामुळे टिकलेले नाही. भांडे कामात असताना त्याचे काय होते, हे डोळ्यांपुढे ठेवून ते आखले गेले, म्हणून ते टिकले, असे माझे मत आहे.

नाशिकमध्ये घरांच्या अंतर्रचनेचे काम करताना मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. ओटा झाला, टेबल झाले, आता जेवायची भांडी कोणती घ्यावीत? सोबत डेन्मार्क किंवा फिनलंडमधील एखाद्या टेबलाचे छायाचित्र असते. छायाचित्रातली भांडी जशीच्या तशी आणून आपला वरणभात त्यात सुखाने खाता येत नाही. परंतु ती ज्या विचाराने आखली गेली तो विचार आपल्या ताटाला तंतोतंत लागू पडतो. तो कसा वाचावा, त्यावरून भांडी कशी निवडावीत आणि काही भांडी आपल्याच गावात कशी घडवून घ्यावीत, हे येथे क्रमाने सांगते.

प्रथम ताटाचा नकाशा काढा

खरेदीच्या आधी एक मोठा कागद, मोजपट्टी आणि घरातली रोजची भांडी टेबलावर घ्यावीत. कागदावर ताट ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवावी, त्यात वाट्या ठेवून त्यांचीही वर्तुळे काढावीत आणि आपण जसे वाढतो तसे वाढून पाहावे. मराठी ताटाला मुळातच एक नकाशा आहे. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर डावीकडे, भाजी आणि आमटी उजवीकडे, भात मध्ये. उजव्या हाताला जे वारंवार लागते ते उजवीकडे आणि जे बोटभर लागते ते डावीकडे, ही रचना कोणत्याही वास्तुविशारदाला पटेल अशी आहे.

आता मापे पाहू. आपले मोठे ताट साधारण ३० सेंटिमीटर व्यासाचे असते. नव्या सदनिकांमध्ये जेवणाचे टेबल पुष्कळदा ७५ सेंटिमीटर रुंदीचे घेतले जाते. समोरासमोर दोन ताटे ठेवली की ६० सेंटिमीटर गेले, प्रत्येक ताट कडेपासून तीन सेंटिमीटर आत ठेवले की मधल्या पट्ट्यात अवघे नऊ सेंटिमीटर उरतात, आणि भाजीचे पातेले २० सेंटिमीटरचे असते. मग पातेली ओट्यावर राहतात आणि वाढणाऱ्या व्यक्तीला प्रत्येक वेळी उठावे लागते. हा दोष भांड्यांचा नाही आणि टेबलाचाही नाही, दोघांची मापे एकत्र पाहिली गेली नाहीत याचा आहे. टेबल बदलता येत नसेल तर २६ सेंटिमीटरचे ताट घेऊन वाट्या ताटाबाहेर मांडाव्यात. टेबल अजून व्हायचे असेल तर ते ९० सेंटिमीटर रुंद करावे आणि दर माणशी ६० सेंटिमीटर लांबी धरावी.

२६ सेंटिमीटरची परदेशी घडणीची ताटली घेताना काठ नीट पाहावा. पुष्कळ ताटल्यांना चारही बाजूंनी तीन सेंटिमीटरचा उतरता काठ असतो, म्हणजे सपाट तळ केवळ २० सेंटिमीटर उरतो. त्यावर पोळी ठेवली की वाटी उतारावर चढते आणि कलंडते. आपल्याला रुंद काठ नको, दीड ते दोन सेंटिमीटर उंचीची जवळजवळ उभी कड हवी, कारण आमटीभात कालवताना ओलावा ताटात राहिला पाहिजे आणि बोटांना शेवटचे शीत गोळा करायला कडेचा आधार मिळाला पाहिजे. माझ्या पहिल्या संसारात मी हौसेने रुंद काठाच्या सहा सुंदर ताटल्या आणल्या होत्या. त्या आजही एका सणाला फळे मांडण्यापुरत्याच बाहेर निघतात.

आखणी वाचायला शिका

प्रसिद्ध नमुने पाहताना नाव आणि किंमत बाजूला ठेवावी आणि एकच प्रश्न विचारावा: येथे कोणती अडचण सोडवली आहे? काही उदाहरणांतून ही सवय लावून घेता येते.

आरंभ व्हिएन्नापासून करावा. १९०३ मध्ये योझेफ हॉफमान या वास्तुविशारदाने कोलोमान मोझर यांच्यासह वीनर वेर्कश्टेटे ही कारागिरांची संस्था उभी केली. घराच्या भिंतीपासून टेबलावरच्या काट्याचमच्यापर्यंत सर्व काही एकाच विचाराने घडावे, असा त्यांचा आग्रह होता. हॉफमान यांनी ब्रुसेल्समध्ये श्टोक्ले या कुटुंबासाठी आखलेला प्रासाद, जो १९०५ ते १९११ या काळात बांधला गेला, तो या आग्रहाचा सर्वांत मोठा पुरावा आहे. हॉफमान यांचे चांदीचे चपटे चमचे सपाट पट्टीसारखे आहेत, त्यांवर वेलबुट्टी नाही. मला मात्र त्यांचे काम नेहमी थोडे कडक वाटते, कारण तेथे हातापेक्षा भूमितीचा मान मोठा आहे. त्याच शहरातील वास्तुविशारद अॅडॉल्फ लोस यांनी १९३१ मध्ये लोबमायर या काचेच्या पेढीसाठी आखलेले पेले मला अधिक जवळचे आहेत. ते सरळ, उभे, नळकांड्यासारखे आहेत आणि त्यांच्या बुडावर बारीक चौकड्यांची घासकाम केलेली जाळी आहे. अलंकरणावर जन्मभर टीका करणाऱ्या माणसाने जाळी नेमकी बुडाला ठेवली, जेथे ती ओठांना लागत नाही, आणि पेल्यात पाणी असताना प्रकाश तिच्यातून वर येतो.

फिनलंडच्या आयनो आल्टो यांचा पेला हे नव्या अभ्यासकाने सर्वांत आधी हातात घ्यावे असे उदाहरण आहे. आयनो स्वतः वास्तुविशारद होत्या आणि अल्वार आल्टो यांच्या सहकारी होत्या. १९३२ मध्ये कारहुला-इइत्ताला कारखान्याच्या स्पर्धेसाठी त्यांनी दाबकाचेची ही मालिका आखली आणि १९३६ मध्ये मिलानच्या त्रिएनाले या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले. साच्यात दाबून केलेली काच स्वस्त पडते, पण तिच्यात बुडबुडे आणि लहरी राहतात. आयनो यांनी पेल्याला एकावर एक अशी आडवी कडी दिली. कड्यांमुळे काचेतले दोष नजरेला येत नाहीत, ओल्या हाताला पकड मिळते, आणि वरून खाली निमुळत्या आकारामुळे पेले एकात एक बसतात. तीन अडचणी त्यांनी एकाच रेषेने सोडवल्या. हे पेले नव्वद वर्षांनंतरही तयार होतात, आणि त्यांची किंमत मानाने माफक असल्यामुळे अस्सल नमुना घरात आणायचा असेल तर माझी पहिली शिफारस त्यांचीच असते.

डेन्मार्कच्या आर्ने याकोबसन यांनी कोपनहेगनमधील एसएएस रॉयल हॉटेल आखताना, जे १९६० मध्ये सुरू झाले, खुर्च्या, दिवे, दारांच्या मुठी आणि जेवणाचे चमचेसुद्धा स्वतः आखले. १९५७ चे त्यांचे काटे-चमचे स्टेनलेस स्टीलचे आहेत. मूठ कोठे संपते आणि चमच्याची खोली कोठे सुरू होते, हे बोट फिरवूनही सांगता येत नाही. सूपचे चमचे उजव्या आणि डाव्या हातासाठी वेगळे केलेले होते, यावरून त्यांनी हाताचा किती बारकाईने विचार केला ते कळते. तरीही आपल्यासाठी हा संच मी सहसा सुचवत नाही, कारण त्या चमच्याची खोली उथळ आणि अरुंद आहे. खीर, कढी किंवा पातळ वरण त्याने खाताना घास पुरेसा येत नाही. चांगली आखणी आणि आपल्या उपयोगाची आखणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या चमच्याने मला शिकवले.

याकोबसन यांचे दुसरे काम, स्टेल्टन या कंपनीसाठी केलेली सिलिंडा मालिका, १९६७ मध्ये बाजारात आली. त्यांचे सावत्र पुत्र पीटर होल्मब्लाड तेव्हा तेथे काम करत होते. रेखाटनात साधे दिसणारे ते निखळ नळकांडे प्रत्यक्षात करणे इतके अवघड होते की घडणीची नवी पद्धत बसवण्यात सुमारे तीन वर्षे गेली. बर्फाचे भांडे, कॉफीची किटली, चहाची किटली, ट्रे अशी ही भांडी आहेत. किटलीची मूठ काळ्या नायलॉनची आहे, कारण गरम स्टील हाताला लागते, आणि ती मूठ मोठ्या चौकोनी कोनात वळते, त्यामुळे चारही बोटे आत मावतात.

याच्या उलट वाट वाल्टर ग्रोपियस यांनी धरली. चीनीमातीची भांडी करणाऱ्या रोझेंथाल कंपनीचा जर्मनीतील झेल्ब येथील कारखाना त्यांनी आखला आणि त्याच कंपनीसाठी १९६९ मध्ये चहाचा संच केला. त्यातील किटली घुमटासारखी गोलाकार आहे. गोल आकाराचे पृष्ठफळ त्यात मावणाऱ्या चहाच्या मानाने सर्वांत कमी असते, म्हणून चहा जास्त वेळ गरम राहतो. नळकांडे घडवायला आणि मांडायला सोयीचे, गोल उष्णतेला सोयीचा. दोन मोठ्या वास्तुविशारदांची दोन उत्तरे वेगळी आहेत, आणि आपल्या घरात चहा लगेच संपतो की अर्धा तास चालतो, यावर आपले उत्तर अवलंबून आहे.

डेन्मार्कच्याच ग्रेटे मायर यांचे नाव आपल्याकडे कमी ऐकू येते, ही खंत वाटते. घरातल्या वस्तूंची मापे आणि त्यांना लागणारी साठवणुकीची जागा यांचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला, आणि कपाटांच्या मोजमापातून त्या भांड्यांकडे आल्या. १९६५ ची त्यांची पांढरी, निळ्या बारीक रेघेची ताटली-वाटीची मालिका एकमेकांवर नीट रचता येते. ज्यांचे स्वयंपाकघर आठ फूट बाय सात फूट आहे त्यांनी सर्वाधिक शिकावे ते ग्रेटे मायर यांच्याकडून.

आणखी एक छोटी वस्तू सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मिलानचे वास्तुविशारद अकिले कास्तिलिओनी आणि त्यांचे बंधू पिएर जाकोमो यांनी १९६२ मध्ये क्राफ्ट कंपनीसाठी प्लास्टिकचा एक चमचा आखला. त्याची एक कड बरणीच्या आतल्या गोलाईला बरोबर बसते, त्यामुळे तळाचे आणि कडेचे मेयोनेज निघून येते. आपल्याकडे मुरांब्याच्या आणि लोणच्याच्या बरणीत हीच अडचण पिढ्यान्पिढ्या आहे, आणि आपण ती शेवटी बोटाने सोडवतो. आल्दो रोसी यांची १९८४ ची शंकूच्या टोपणाची कॉफीची किटली आणि मायकेल ग्रेव्ज यांची १९८५ ची शिटीवर पक्षी बसलेली किटली या दोन्ही अलेस्सी कंपनीच्या आहेत, पण त्या वरच्या वास्तुविशारदांच्या आधुनिकतावादाच्या, म्हणजे अलंकरणापेक्षा उपयोगाला आधी मानणाऱ्या विचाराच्या, नंतरच्या आणि त्याला प्रश्न विचारणाऱ्या पिढीच्या आहेत. खरेदी करताना हा फरक लक्षात ठेवावा.

दुकानात पाणी मागा

भांडे रिकामे पाहून घेऊ नये. भांडी बाजारातले जुने दुकानदार पाणी ओतून पाहण्याला हरकत घेत नाहीत, असा माझा अनुभव आहे. चकचकीत दालनात जरा धीटपणे विचारावे लागते.

पाण्याच्या जगमध्ये किंवा किटलीत तीन चतुर्थांश पाणी भरून ते एका हाताने उचलावे. मनगट आपोआप वळत असेल तर मूठ भाराच्या मानाने चुकीच्या उंचीवर आहे. मग अगदी सावकाश, बारीक धारेने ओतावे आणि अचानक थांबावे. धार तुटल्यावर एखादा थेंब तोटीखालून बाहेरच्या अंगाने ओघळला तर तो थेंब पुढची वीस वर्षे टेबलावर पडत राहणार आहे. वेगाने ओतून घेतलेली परीक्षा फसवी असते, कारण वेगाने ओतल्यावर बहुतेक सर्व तोट्या चांगल्या वागतात.

पेला ओठाला लावून पाहावा. कड जाड आणि गोल असेल तर पाणी तोंडात येताना पसरते, पातळ असेल तर नेमके येते. ज्या घरात भांडे न उष्टावता वरून पाणी पितात त्यांनी मात्र सरळ नळकांडी पेला टाळावा, कारण त्याची धार एकवटत नाही. त्यासाठी किंचित बाहेर वळलेल्या ओठाचे फुलपात्रच हवे.

वाट्या आणि ताटे सहाच्या चळतीत रचून हलवून पाहावीत. चळत डुगडुगली तर तळ सपाट नाही. सहावी वाटी काढताना पाचवीही वर आली, तर त्या एकमेकींत अडकतात आणि घाईच्या वेळी हातातून निसटतात. शेवटी ताटाला बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारावी. फार पातळ पत्र्याचा आवाज पोकळ येतो, आणि तसे ताट गरम भात वाढल्यावर मध्ये फुगते.

धातू, काच आणि माती

स्टेनलेस स्टीलबद्दल सर्वांत मोठा गैरसमज लोहचुंबकाचा आहे. ज्या स्टीलला १८/८ किंवा १८/१० म्हणतात त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ ते १० टक्के निकेल असते, आणि त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. परंतु निकेल कमी असलेल्या स्वस्त २०० मालिकेच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे चुंबक न चिकटणे हा १८/८ चा पुरावा नव्हे. दुसरीकडे, चांगल्या सुरीच्या पात्याला चुंबक चिकटतो आणि तो दोष नाही, कारण धार टिकावी म्हणून ते पाते वेगळ्या, कठीण स्टीलचे असते. तेव्हा भांड्यावरचा शिक्का आणि बिलावर लिहून घेतलेली ग्रेड यांवर विसंबावे. बिलावर ३०४, म्हणजे १८/८ स्टीलची ग्रेड, लिहून द्यायला जो तयार नाही त्याच्याकडून महाग संच घेऊ नये.

तांबे आणि पितळ यांचे नाशिकला अप्रूप नाही. जुन्या गावात त्यांचा व्यवसाय पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. तांबे स्टीलपेक्षा पंचवीसएक पट जास्त उष्णता वाहून नेते, म्हणून तांब्याच्या पेल्यात पाणी पिताना गारवा लगेच जाणवतो आणि त्याच कारणाने त्यात गरम चहा घेता येत नाही. चिंच, कोकम, ताक, टोमॅटो असे आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत कळकतात, हे आजीला ठाऊक होते आणि ते आजही तितकेच खरे आहे. कल्हई कथलाची असते, कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये.

चीनीमातीत पोर्सेलिन सर्वांत कठीण आणि आरपार उजेड दाखवणारे असते. दिव्यासमोर ताटली धरून मागे बोटे हलवावीत. सावली दिसली तर ते पोर्सेलिन किंवा बोन चायना आहे. फायान्स, म्हणजे कमी तापमानाला भाजलेली चकाकीची माती, मऊ असते आणि त्याच्या कडेचे टवके लवकर उडतात, तेव्हा रोज घासल्या जाणाऱ्या भांड्यांसाठी ते घेऊ नये. क्रिस्टल काचेच्या जुन्या सुरयांमध्ये शिसे असते. नाशिकची वाइन पाहुण्यांसमोर त्यातून वाढावी, पण रात्रभर तीत भरून ठेवू नये.

अस्सल, जुने आणि नक्कल

नाव पाहूनच घ्यायचे असेल तर बुडावरचा शिक्का वाचावा. याकोबसन यांच्या चमच्यांचे उत्पादन आधी ए. मिकेलसन या पेढीने केले आणि पुढे ते जॉर्ज येन्सनकडे आले, म्हणून दोन्ही नावांचे नमुने अस्सल असू शकतात. शिक्का नसताना केवळ दिसण्यावरून कोणी मोठी रक्कम मागत असेल तर नम्रपणे परत फिरावे. संच घेताना प्रत्येक वस्तूचे वजन करावे. एकाच मालिकेतल्या चमच्यांचे वजन वेगवेगळे भरले तर ती सरमिसळ आहे. जुन्या काचेच्या कडेवरून नख फिरवावे, डोळ्याला न दिसणारा टवका नखाला लागतो.

नाशिकमध्ये घडवून घेताना

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत पत्र्याचे काम करणारे कुशल कारखानदार आहेत आणि गावात ठोक्याचे काम जाणणारे तांबट आहेत. असे दोन हात एकाच शहरात असताना सहा वाट्या आणि पाण्याचा एक जग यासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एका कारखान्यातून स्टीलचा जग करून घेतला. आतला व्यास १० सेंटिमीटर, उंची २० सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ साधारण दीड लिटर आणि वापरात सव्वा लिटर. नळकांडे निर्दोष झाले, आर्गन वेल्डिंगचा सांधा बफिंगनंतर शोधावा लागत होता, आणि तरीही पहिल्याच दिवशी जग गळू लागला. गळती सांध्यातून नव्हती, ओठावरून होती. मी रेखाटनात संपूर्ण कड नेहमीप्रमाणे बाहेर वळवलेली दाखवली होती आणि ती तशीच झाली होती.

तो जग घेऊन मी जुन्या नाशकातल्या एका तांबटांकडे गेले. त्यांनी काहीही न बोलता जगात पाणी भरले, उन्हात नेऊन अगदी बारीक धार सोडली आणि मला ओठाच्या खाली पाहायला सांगितले. पाण्याची चकाकती जीभ गोल कडेवरून पुढे न पडता मागे वळत होती आणि स्टीलला चिकटून खाली उतरत होती. “ताई, गोल कडेवरून पाणी सुटत नाही, ते कडेचा हात धरून मागं फिरतं. तोंड पातळ ठेवा, आणि टोक खाली झुकवा,” असे ते म्हणाले. त्यांनी ओठाच्या जागी तीन बोटे रुंदीची वळलेली कड कापली, पत्रा आतून हलक्या हाताने ठोकून पुढे आणला, टोक किंचित खाली झुकवले आणि कानशीने घासून बोट न कापेल इतपत पातळ धार ठेवली. त्यानंतर त्या जगाने टेबलावर थेंब टाकलेला नाही.

त्या दिवशी त्यांच्या दुकानात फळीवर पितळी तांबे, म्हणजे पाण्याचे लोटे, ओळीने मांडलेले होते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला जो अहवाल दिला, ज्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी सर्वाधिक गौरव याच भांड्याचा केला होता. किती पाणी भरायचे, ते डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचे, भरल्यावर आणि रिकामे झाल्यावर तोल कसा राहील, धार कशी पडेल, आतून घासता कसे येईल, हाताला कसे लागेल, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक मांडले आणि हे भांडे एका माणसाने नव्हे तर अनेक पिढ्यांनी आखले असे म्हटले. चार्ल्स ईम्स यांचे शिक्षण वास्तुकलेचे होते. नवे भांडे घडवून घेताना मी आता हीच प्रश्नावली कागदाच्या वरच्या बाजूला लिहून ठेवते.

काम देताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात. रेखाटन प्रत्यक्ष मापाचे, उभ्या छेदासह, म्हणजे भांडे मधोमध कापल्यावर दिसेल त्या आकृतीसह, काढावे, कारण कारागीर छेद पाहून काम करतो, सुंदर चित्र पाहून नव्हे. त्याआधी पुठ्ठ्याची प्रतिकृती करून तिच्यात तांदूळ भरावेत आणि ती हातात घेऊन पाहावी. मुठीच्या आत बोटांसाठी किमान साडेतीन सेंटिमीटर पोकळी आणि चार बोटांसाठी नऊ ते दहा सेंटिमीटर लांबी ठेवावी. वाटीसाठी २२ गेजचा, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरतो. वाट्या स्पिनिंगने, म्हणजे फिरत्या साच्यावर पत्रा दाबून, होत असतील तर कारखान्यात आधीपासून कोणते फर्मे, म्हणजे साचे, आहेत ते विचारावे, कारण नवा फर्मा करण्याचा खर्च सहा वाट्यांवर पडला तर वाटी फार महाग पडते. आपल्या मापात अर्ध्या सेंटिमीटरचा बदल करून तयार फर्मा वापरता येतो. वेल्डिंगचा सांधा मुठीच्या बाजूला घ्यावा. पॉलिश आरशासारखे हवे की मंद, आणि मंद असेल तर रेषा उभ्या की आडव्या, हे लिहून द्यावे. पितळेत सांधा करताना शिसे असलेला डाग, म्हणजे सांधा जोडायला वितळवून लावतात तो धातू, वापरू नये आणि कल्हईसाठी शुद्ध कथीलच घ्यावे, हे आधीच स्पष्ट बोलून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रथम एकच नग करून घ्यावा, तो घरी पंधरा दिवस वापरावा आणि मगच उरलेल्यांची मागणी द्यावी.

घरापुरते भांडे घडवताना प्रसिद्ध नमुन्यापासून शिकणे उचित आहे, पण त्याची हुबेहूब नक्कल करून ती मूळ नावाने विकणे अनुचित आहे आणि कायद्याच्या कक्षेतही येऊ शकते. कारागिराला असे काम सांगू नये.

निगा

मंद पॉलिशच्या स्टीलला तारेची घासणी लावू नये. मऊ घासणी रेषांच्या दिशेनेच फिरवावी, आडवी फिरवली तर ओरखडे कायमचे राहतात. मीठ पाण्यात विरघळण्यापूर्वी स्टीलच्या बुडावर बसून राहिले तर तेथे बारीक खड्डे पडतात, म्हणून कोशिंबिरीच्या वाटीत मीठ शेवटी आणि ढवळून घालावे. बोअरचे पाणी असलेल्या घरी काचेवर पांढरे डाग धरतात. पेले धुतल्यावर लगेच सुती फडक्याने पुसावेत आणि डाग बसलाच असेल तर लिंबाच्या रसाने काढावा. चांदी कांद्यातील आणि अंड्यातील गंधकाने काळवंडते. अॅल्युमिनियमच्या फॉइलवर चांदीचे चमचे ठेवून त्यावर गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घातला की घासल्याशिवाय काळपटपणा उतरतो, मात्र नक्षीच्या खाचांतला हेतुपुरस्सर ठेवलेला काळा रंगही त्याने जातो, तेव्हा जुन्या नक्षीकामाला हा उपाय करू नये.

दाबकाचेचे पेले एकात एक ठेवताना ते पूर्ण कोरडे असावेत. ओले पेले अडकले तर ओढाताण करू नये. आतल्या पेल्यात गार पाणी भरून बाहेरचा पेला कोमट पाण्यात धरावा, म्हणजे तो मिनिटभरात सैल होतो.